पनिशर ‘फक्त गुन्हेगारांनाच मारतो’, हे तुम्हाला सांगितले कोणी?

१/
‘द पनिशर’ हा चित्रपट एप्रिल २००४ मध्ये प्रदर्शित झाला. दिग्दर्शक जोनाथन हेन्सले, नायक थॉमस जेन, खलनायक जॉन ट्रॅव्होल्टा. समीक्षकांनी तो झिडकारला, परंतु त्याचा एक निष्ठावंत प्रेक्षकवर्ग आजही टिकून आहे आणि त्यात आपल्या वयाची मराठी मुलेमुली पुष्कळ आहेत. त्यांच्या मतांविषयी हा थ्रेड आहे. थोडा लांबेल. चहा घेऊन बसावे.

२/
ही मते फिरून फिरून तीनच असतात. पहिले : मूळ कॉमिकच्या मानाने चित्रपटात रक्तपात फारच कमी. दुसरे : व्यवस्था सडलेली असेल, तर माणसाने कायदा हातात घेण्यात गैर काय? तिसरे, आणि सर्वांत लाडके : फ्रँक कॅसल निरपराध्याला कधीच हात लावत नाही, तो फक्त गुन्हेगारांनाच मारतो. पहिल्या मताशी मला कर्तव्य नाही. दुसऱ्याकडे शेवटी येतो. तिसरे मत मात्र इतिहासाच्या विद्यार्थ्याने मुकाट ऐकून घ्यावे असे नाही.

३/
आधी पनिशरच्या जन्माकडे पाहू. ‘द अमेझिंग स्पायडर-मॅन’ या मालिकेचा १२९ वा अंक, मुखपृष्ठावरील तारीख फेब्रुवारी १९७४. लेखक गेरी कॉनवे, वय अवघे एकवीस. चित्रकार रॉस अँड्रू. वेशभूषेला अंतिम रूप देणारे जॉन रोमिटा. कॉनवेने छातीच्या एका बाजूला लहानशी कवटी रेखाटली होती. रोमिटांनी ती छातीभर केली आणि तिचे दात थेट कमरेच्या काडतुसांच्या पट्ट्यावर आणून सोडले. आज टी-शर्टांवर दिसते ती हीच.

४/
आता त्या अंकातील कथा पाहा. पनिशर स्पायडर-मॅनला ठार मारायला निघालेला आहे. का? स्पायडर-मॅनने नॉर्मन ऑसबॉर्नचा खून केला, असे वृत्तपत्राने छापले आहे आणि जॅकल नावाच्या खलनायकाने ते त्याच्या मनात पक्के बसवले आहे. स्पायडर-मॅनने खून केलेला नाही, हे वाचकाला ठाऊक आहे. पनिशरला ठाऊक नाही. जॅकल त्याला बाहुल्यासारखा नाचवतो आहे.

५/
म्हणजे ज्याच्याविषयी आपण ‘तो फक्त गुन्हेगारांनाच मारतो’ असे छातीठोकपणे सांगतो, तो आपल्या पहिल्याच कथेत, पहिल्याच कामगिरीवर, एका निरपराध माणसाच्या जिवावर उठला होता. त्याचा नेम चांगला होता, शस्त्रे उत्तम होती, हेतूही त्याच्या दृष्टीने शुद्ध होता. माहिती तेवढी खोटी होती. एकविशीतल्या लेखकाला जे दिसले, ते पुढील पन्नास वर्षांच्या चाहत्यांच्या नजरेतून निसटावे, याचे मला नवल वाटते.

६/
थोडी पार्श्वभूमी. अमेरिकी कॉमिकप्रकाशकांनी १९५४ साली स्वतःवर एक आचारसंहिता लादून घेतली होती. पोलीस, न्यायाधीश, सरकारी अधिकारी यांच्याविषयी अनादर वाटेल असे काही छापायचे नाही, असा तिचा दंडक होता. १९७१ साली ती सैल झाली आणि भ्रष्ट अधिकारी कथेत दाखवता येऊ लागले. व्हिएतनामचे युद्ध, शहरांतील वाढते गुन्हे, १९७३ पासून उलगडत गेलेले वॉटरगेट प्रकरण : सडलेल्या व्यवस्थेची कथा ऐकायला वाचक तयार होताच, आता ती सांगायची परवानगीही मिळाली. व्हिएतनामहून परतलेला मरीन सैनिक फ्रँक कॅसल हा या क्षणाचे अपत्य आहे.

७/
त्याला वडीलबंधूही होता. डॉन पेंडल्टनच्या १९६९ पासून निघालेल्या ‘द एक्झिक्यूशनर’ या कादंबरीमालेतील मॅक बोलन. तोही व्हिएतनामचा सैनिक, त्याचेही कुटुंब माफियामुळे उद्ध्वस्त झालेले. आणि एक जुळा भाऊ : १९७४ सालचाच चार्ल्स ब्रॉन्सनचा ‘डेथ विश’. या जुळ्या भावापाशी थोडे थांबावे लागेल.

८/
‘डेथ विश’ हा ब्रायन गारफिल्डच्या १९७२ मधील कादंबरीवरून केलेला. कादंबरीतील नायक हळूहळू सडत जाणारा माणूस आहे. लेखकाला तो भयावह वाटावा अशी अपेक्षा होती. पडद्यावर तोच वीरपुरुष झाला. गारफिल्ड इतका खट्टू झाला की त्याने १९७५ साली ‘डेथ सेंटेन्स’ ही उत्तरकथा लिहून काढली.

आता एक प्रश्न. पत्नीचा जीव घेणाऱ्या आणि मुलीवर अत्याचार करणाऱ्या त्या तिघांना ब्रॉन्सन चित्रपटात नेमका कुठे गाठतो? आठवून पाहा.

९/
कुठेच नाही. ते त्याला कधीच सापडत नाहीत. तो मारतो ती सगळी माणसे दुसरीच आहेत. हा चित्रपट पाहिलेल्यांना विचारा. निम्म्यांना तरी ‘त्याने सूड घेतला’ असेच आठवते. चित्रपटाने न दाखवलेला न्याय प्रेक्षकाने घरी येऊन स्वतःच पूर्ण केलेला असतो.

१०/
२००४ च्या ‘पनिशर’मध्ये ही उणीव भरून काढली आहे. येथे अपराधी कोण, याविषयी तिळमात्र शंका उरत नाही. एफबीआयच्या छुप्या कारवाईत हॉवर्ड सेंट या धनाढ्य गुन्हेगाराचा मुलगा मरतो. सेंट कॅसलला मारण्याचा हुकूम देतो आणि त्याची पत्नी लिव्हिया म्हणते, संपूर्ण कुटुंब संपवा. पोर्तो रिकोतील कौटुंबिक मेळाव्यात आईवडिलांपासून लहान मुलापर्यंत सगळ्यांना ठार मारले जाते. हुकूम देताना आपण तिथे असतो. गोळ्या झाडतानाही असतो.

११/
माझा मूळ आक्षेप येथे आहे. ‘आपण तिथे असतो.’ कॅमेरा आपल्याला खोलीत नेऊन उभे करतो, अपराध घडताना दाखवतो, अपराध्याचा चेहरा जवळून दाखवतो. न्यायालयाला वर्षानुवर्षे साक्षी, उलटतपासणी आणि अपिले करूनही जी खात्री मिळत नाही, ती प्रेक्षकाला पहिल्या अर्ध्या तासात फुकट मिळते. मग न्यायालय अनावश्यक वाटू लागते, यात आश्चर्य काय? आपल्या पदरी पडलेली ही खात्री नायकापाशीही आहेच, असे आपण गृहीत धरतो. आणि प्रत्यक्ष आयुष्यात कायदा हातात घेणाऱ्यापाशीही ती असेल, असे गृहीत धरतो.

१२/
चित्रपटातील चौकशीचा प्रसंग आठवा. मिकी ड्यूका या माणसाला उलटे टांगले आहे. आपल्या पाठीवर धगधगता ब्लोटॉर्च फिरतो आहे असे त्याला भासवले जाते; प्रत्यक्षात फिरते ती बर्फाची कांडी, आणि जळते ते बाजूला ठेवलेले मांस. मिकी भडाभडा बोलू लागतो. चित्रपटगृहात हशा. आणि मिकी जे सांगतो ते सगळे खरे निघते. सूडपटात छळाखाली माणूस नेहमी खरेच बोलतो.

१३/
चित्रपट अमेरिकेत प्रदर्शित झाला १६ एप्रिल २००४ ला. बारा दिवसांनी, २८ एप्रिलला, सीबीएस वाहिनीने अबू घ्राइब तुरुंगातील छायाचित्रे जगाला दाखवली. चित्रपटामुळे ते घडले असे मी अजिबात म्हणत नाही. ती छायाचित्रे आधीच काढलेली होती. परंतु त्या वसंतात त्या देशातील प्रेक्षक पडद्यावर ज्या गोष्टीला हसत होता, तिचे दुसरे रूप त्याच्याच सैन्याच्या तुरुंगात घडून गेले होते, ही नोंद इतिहासाच्या विद्यार्थ्याने करून ठेवायला हवी.

१४/
आणि आता चित्रपटाचा तो भाग, ज्याविषयी चाहते क्वचितच बोलतात. कॅसल सेंटला थेट मारत नाही. तो बनावट पुरावे पेरतो. लिव्हियाचे आणि सेंटचा विश्वासू मित्र क्वेंटिन ग्लास याचे संबंध आहेत, असा सेंटचा ग्रह करून देतो. ग्लासच्या बिछान्यात तिचे कानातले सापडते. सेंट मित्राला भोसकतो आणि पत्नीला पुलावरून धावत्या रेल्वेसमोर फेकतो. संबंध नव्हतेच.

१५/
नीट पाहा, येथे काय घडले. मुलाच्या मृत्यूने पिसाटलेला एक बाप कायदा बाजूला सारून स्वतः शिक्षा देतो. त्याच्यापाशी पुरावा आहे. त्याला पूर्ण खात्री आहे. आणि तो चुकलेला आहे. हॉवर्ड सेंट हाही कायदा हातात घेणाराच आहे. फक्त कॅमेरा त्याच्या बाजूला उभा नाही. चित्रपटाने अभावितपणे स्वतःच्या नायकाविरुद्धच साक्ष दिली आहे आणि ती कोणी नोंदवून घेत नाही. लिव्हिया दुष्ट होती, मेली ते बरे झाले, असे म्हणून प्रेक्षक पुढे सरकतो. होती ती दुष्ट, निर्विवाद. पण ज्या कृत्यासाठी तिला मारले, ते तिने केले नव्हते.

१६/
आता कॅमेरा नसलेल्या जगात जाऊ. सॅन फ्रान्सिस्को, मे १८५६. ‘विजिलँटी’ हा शब्द स्पॅनिश भाषेतला, मूळ अर्थ पहारेकरी. या शहरातील दक्षता समित्यांनी त्याला आजचा अर्थ मिळवून देण्यास मोठा हातभार लावला. पहिली समिती १८५१ ची, तिने चौघांना फाशी दिले. दुसरी १८५६ ची, तिनेही चौघांना. विल्यम कोलमन हा व्यापारी तिचा म्होरक्या, आणि सदस्यसंख्या हजारोंच्या घरात.

१७/
दुसऱ्या समितीने फाशी दिलेल्या चार्ल्स कोराचे प्रकरण बोलके आहे. हा एक जुगारी. त्याने एका मार्शलला गोळी घातली होती. स्वसंरक्षणार्थ की खून, यावर न्यायालयात ज्युरींचे एकमत झाले नाही. कायद्याच्या भाषेत : अपराध सिद्ध झालेला नाही, फेरसुनावणी व्हावी. समितीने त्याला तुरुंगातून उचलले, स्वतःचा खटला चालवला आणि २२ मे रोजी लटकवले. शपथ घेऊन बसलेल्या बारा माणसांना जे ठरवता आले नाही, ते व्यापाऱ्यांनी काही दिवसांत ठरवून टाकले.

१८/
सोबत फाशी गेला जेम्स केसी. त्याने एका वृत्तपत्राच्या संपादकाला भर रस्त्यात गोळी घातली होती, त्याबद्दल दुमत नाही. परंतु केसी राजकारणी होता, ज्या डेमोक्रॅटिक गटाचा आयरिश कॅथलिक मतदारांवर पगडा होता त्या गटातला. समितीने याच गटातील अनेकांना शहराबाहेर हाकलले. ऑगस्टमध्ये समिती विसर्जित झाली आणि तिच्यातूनच निघालेल्या ‘पीपल्स पार्टी’ने पुढील सुमारे दहा वर्षे शहराची सत्ता भोगली. चार फाशा आणि एक दशकाचे राज्य. गुन्हेगारी निवारणाचा हिशेब असा लागतो.

(जाता जाता : वाळूच्या पोत्यांची तटबंदी केल्यामुळे समितीच्या मुख्यालयाला ‘फोर्ट गनीबॅग्ज’ म्हणत. यातला ‘गनी’ म्हणजे आपली गोणी! शब्द कुठल्या कुठे पोचतात.)

१९/
हे सौम्य उदाहरण झाले. मेम्फिस, मार्च १८९२. थॉमस मॉस, कॅल्विन मॅकडॉवेल आणि विल स्ट्यूअर्ट हे तीन कृष्णवर्णीय ‘पीपल्स ग्रोसरी’ हे किराणा दुकान चालवत. समोरच्या गोऱ्या दुकानदाराचा धंदा बसू लागला. कुरबूर, दंगा, अटक. मग जमावाने तिघांना तुरुंगातून ओढून नेले आणि गोळ्या घातल्या. मॉसची मैत्रीण आयडा बी. वेल्स तेथेच वृत्तपत्र चालवत होती. तिने एक साधे, चिवट काम हाती घेतले : झुंडबळींची प्रकरणे एकेक करून तपासायची. तीही गोऱ्यांच्याच वृत्तपत्रांतील बातम्यांवरून, म्हणजे कोणाला ‘तुमचे आकडे खोटे’ म्हणता येऊ नये.

२०/
झुंडींचे समर्थक सांगत, हे बलात्काऱ्यांना दिलेले शासन आहे. वेल्सने दाखवले की बळींपैकी जेमतेम एक तृतीयांशांवर बलात्काराचा नुसता आरोप तरी होता. सिद्ध होणे दूरच. उरलेले भांडण, स्पर्धा, उद्धट उत्तर असल्या कारणांसाठी मेलेले. मे महिन्यात तिच्या वृत्तपत्राचे कार्यालय जमावाने उद्ध्वस्त केले. टस्कीगी संस्थेच्या नोंदींनुसार १८८२ ते १९६८ या काळात अमेरिकेत ४,७४३ झुंडबळी गेले, त्यांपैकी ३,४४६ कृष्णवर्णीय. जमावातील प्रत्येकाला आपण ‘फक्त गुन्हेगारालाच’ मारतो आहोत असे वाटत होते. किंवा तसे म्हणणे सोयीचे होते.

२१/
‘चित्रपटाचा आणि या सगळ्याचा संबंध काय?’ आहे. १९१५ सालचा ग्रिफिथचा ‘द बर्थ ऑफ अ नेशन’ हाही एका कादंबरीवरून केलेला, तंत्रदृष्ट्या थक्क करणारा, कायदा हातात घेणाऱ्यांचा गौरवपट आहे. त्यात वीर आहेत ते कू क्लक्स क्लॅनचे घोडेस्वार. कॅमेरा प्रेक्षकाला कृष्णवर्णीय माणूस गोऱ्या मुलीचा पाठलाग करताना ‘दाखवतो’ आणि मग क्लॅन ‘न्याय’ करते. निपचित पडलेली क्लॅन त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जॉर्जियातील स्टोन माउंटनवर पुन्हा उभी राहिली. ‘पनिशर’ आणि हा चित्रपट नैतिकदृष्ट्या एका पातळीचे आहेत असे मी म्हणत नाही. कॅमेऱ्याची युक्ती मात्र तीच आहे.

२२/
आणखी एक नाव : बर्नहार्ड गेट्झ. २२ डिसेंबर १९८४, न्यूयॉर्कची भुयारी रेल्वे. चार कृष्णवर्णीय तरुणांपैकी एकाने त्याच्याकडे पाच डॉलर मागितले. गेट्झने चौघांवर गोळ्या झाडल्या. वृत्तपत्रांनी त्याला ‘सबवे व्हिजिलँटी’ केले, ‘डेथ विश’ची आठवण काढली, लोकांनी पाठिंब्याचा वर्षाव केला. १९८७ साली ज्युरीने त्याला हत्येच्या प्रयत्नाच्या आरोपातून मुक्त केले. दोषी ठरला तो बेकायदा पिस्तूल बाळगल्याबद्दल. चौघांपैकी एक कायमचा पंगू झाला होता. १९९६ साली दिवाणी खटल्यात त्याला ४ कोटी ३० लाख डॉलर भरपाई द्यावी असा निकाल लागला. ते चौघे लुटणारच होते की नुसते पैसे मागत होते? यावर लोक अजून भांडतात. कारण तेथे कॅमेरा नव्हता.

२३/
आता दुसरे मत, व्यवस्था सडलेली असेल तर? हा प्रश्न मी हलक्याने घेत नाही, कारण त्याचे एक उत्तर नागपुरात आहे, आणि योगायोगाने २००४ चेच. १३ ऑगस्टला न्यायालयाच्या आवारात, कस्तुरबानगर वस्तीला वर्षानुवर्षे छळणाऱ्या अक्कू यादवला जमावाने ठार केले. वस्तीतील स्त्रिया पुढे होत्या. पुढे २०१४ साली सर्व आरोपी पुराव्याअभावी निर्दोष सुटले. त्या स्त्रियांना दोष देण्याचा अधिकार मला तरी नाही.

२४/
परंतु त्या स्त्रिया आणि फ्रँक कॅसल यांना एका माळेत ओवू नका. त्यांनी आधी पोलिसांचे उंबरे झिजवले होते. अत्याचार त्यांच्याच अंगावर झाला होता. कोणाच्या सांगण्यावरून त्या निघाल्या नव्हत्या. सूडपटाला या दीर्घ, कंटाळवाण्या, अपमानास्पद तक्रारींत रस नसतो. त्याला एक प्रशिक्षित पुरुष, एक शस्त्रागार आणि एक यादी हवी असते. कस्तुरबानगरकडे पाहून पोलीस तक्रार का घेत नव्हते हा प्रश्न पडतो. ‘पनिशर’ पाहून कोणती बंदूक होती हा.

२५/
आणि महाराष्ट्राचेच दुसरे गाव विसरू नका. राईनपाडा, तालुका साक्री, जिल्हा धुळे. १ जुलै २०१८. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, ही अफवा मोबाइलवरून गावोगाव पोचलेली. भिक्षा मागायला आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण बाजारच्या दिवशी जमावाच्या हाती सापडले. पाचही ठार. त्या जमावालाही खात्री होती. भटक्या माणसाविषयीचा पिढ्यान्‌पिढ्यांचा संशय हाच त्यांचा पुरावा. मंगळवेढ्याकडून पोटासाठी आलेली ती माणसे कोण, एवढे विचारण्याइतकाही वेळ कोणी दिला नाही. साक्ष, उलटतपासणी, अपील या सगळ्या ‘वेळखाऊ’ गोष्टी याच एका प्रश्नासाठी असतात : हा माणूस नेमका कोण?

२६/
‘अरे, चित्रपट आहे, मजा घ्या.’ घेतो. बर्फाच्या कांडीच्या प्रसंगाला मीही हसलो आहे. पण ती छातीभर कवटी पडद्यावर थांबलेली नाही. इराकमध्ये अमेरिकी नेव्ही सील्सच्या एका तुकडीने ती आपल्या गाड्यांवर आणि चिलखतांवर रंगवली. २०१७ साली केंटकीतील कॅटलेट्सबर्ग येथील पोलिसांनी ती सरकारी गाड्यांवर चिकटवली. ओरड झाल्यावर काढली. ६ जानेवारी २०२१ रोजी वॉशिंग्टनच्या कॅपिटॉलवर चालून गेलेल्या जमावातही ती दिसली.

२७/
म्हणजे ज्याचे अस्तित्वच पोलीस आणि न्यायालये निकामी झाली या गृहीतावर उभे, त्याचे चिन्ह पोलीसच मिरवू लागले. स्वतः कॉनवेला हे सहन झाले नाही. पोलिसांनी ही कवटी लावणे म्हणजे सरकारी इमारतीवर गुलामीसमर्थक कॉन्फेडरेट ध्वज फडकावण्यासारखे आहे, असे त्याने २०१९ साली बोलून दाखवले. त्याच वर्षी कॉमिकमध्ये एक प्रसंग आला. दोन पोलीस पनिशरचे भक्त आहेत, गाडीवर कवटी लावली आहे. पनिशर ते चित्र टराटरा फाडतो आणि त्यांना सांगतो की आदर्श हवा असेल तर कॅप्टन अमेरिकाकडे जा. मार्व्हलने २०२२ च्या मालिकेत तर त्याचे चिन्हच बदलले.

चाहते चिडले. त्यांना जुनीच कवटी हवी होती.

२८/
थ्रेड येथे थांबवतो. १८५६ च्या समितीने एका न्यायमूर्तीलाच कोंडून ठेवले होते. डेव्हिड टेरीची ती कहाणी स्वतंत्रपणे लिहीन, फार रंजक आहे. मतभेद जरूर लिहा, पण २००४ चा चित्रपट आणि १९७४ चा १२९ वा अंक दोन्ही समोर ठेवून लिहा. आणि ‘तो फक्त गुन्हेगारांनाच मारतो’ असे लिहिणार असाल, तर जॅकलचे काय, तेही सोबत लिहा.